शकुंतलेचं वय विचारू नका

यंदा महालक्ष्म्यांच्या आराशीत रेल्वे मांडायची म्हणता? मग पहिली गोष्ट: मॉडेलचं साल ठरवूच नका. एकदा वहीवर '१९६८' लिहून बसलात की रंग, अक्षरं, डब्याचा नंबर, ब्रेकचे पाइप, सगळे एकेक करून जाब विचारायला येतात. साल नसलं की सगळं खपतं. कोणी टोकलंच तर 'आमच्या आठवणीतली गाडी आहे' म्हणायचं. आठवणीचा पंचनामा करायला कोणी येत नाही.

सुरुवात अर्थातच शकुंतलेपासून, म्हणजे आपल्या छोट्या लाइनीच्या गाडीपासून. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर पट्ट्यात राहून आधी दुसरी गाडी बनवली तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजीन घ्या, मागे आकाशी पट्ट्याचे निळे डबे जोडा आणि त्यांवर ठसठशीत 'तृतीय श्रेणी' लिहा. तिसरा वर्ग १९७४ मध्ये गेला, वाफेचं इंजीन १५ एप्रिल १९९४ ला थांबलं आणि निळा रंग देशभरच्या गाड्यांवर पसरला तो नव्वदीच्या दशकात. हे तिघं जन्मात कधी एका रुळावर भेटले नसतील, तर भेटवायचं पुण्य तुमच्या पदरात. गाडी इंग्रजांच्या काळातली दाखवायची असेल तर 'म. रे.' लिहायला विसरू नका. मध्य रेल्वे १९५१ मध्ये जन्मली, त्याआधी या भागात जीआयपीचा, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा कारभार होता, पण जीआयपी कोणाला वाचता येते?

नागपूर-नागभीड छोटी लाइन करणाऱ्यांसाठी तर पर्वणीच आहे. वाफेच्या इंजिनामागच्या डब्यांवर 'द. पू. म. रे.' लिहा. दक्षिण पूर्व मध्य रेल्वे २००३ ची, तिच्याआधी १९५५ पासून दक्षिण पूर्व आणि त्याच्याही मागे बंगाल नागपूर रेल्वे. एवढ्या सासरांची नावं डब्यावर मावणार कशी? सगळ्यात नवं ते घ्यायचं.

मोठ्या लाइनीवर हात आणखी मोकळा. मुंबईकडचं डीसी इंजीन, ते डब्ल्यूसीएम, सरळ बडनेऱ्याला आणून उभं करा. खरं तर तिकडची १५०० व्होल्टची तार इगतपुरीपर्यंतच होती, पुढे २५ हजार व्होल्टची एसी, म्हणून इंजीन तिथंच बदलायचे. तुमची आरास मात्र बारा व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालते. त्याला काय एसी आणि काय डीसी! १९६५ च्या विटकरी डब्यावर ९८ ने सुरू होणारा नंबर टाका. पहिले दोन आकडे बांधणीचं साल सांगतात हे माहीत असणारा माणूस तुमच्या घरी जेवायला येईलच कशाला? विटकरी डबे व्हॅक्यूम ब्रेकचे, टोकाला एक जाडसर पाइप. निळ्यांना एअर ब्रेक, बहुधा दोन पाइप, फीडच्या म्हणजे हवा पुरवणाऱ्या पाइपचा कॉक पांढरा, ब्रेकच्या पाइपचा हिरवा. तुम्ही सगळ्यांना एकच काळी वायर चिकटवा, सुबक दिसते. आणि शेवटच्या डब्यामागचा पिवळा फुलीचा खूण-पट्टा? फार देखणा असतो, प्रत्येक डब्यावर काढा.

रंगकामाला मे महिन्याची दुपार निवडा, टिनाच्या शेडखाली. पंचेचाळीस अंशांत एअरब्रशमधून, म्हणजे रंगाच्या फवाऱ्यातून, निघालेला थेंब डब्यावर पोचायच्या आतच सुकतो आणि पृष्ठभाग खरकागदासारखा होतो. पहाटे सहाला, रंग थोडा पातळ करून, हात जवळ धरून मारला तर गुळगुळीत येतो, पण पहाटे उठणं आपल्या तब्येतीला सोसत नाही. वरचा लॅकर मात्र राखून ठेवा आणि श्रावणातल्या झडीत मारा. दमट हवेत तो पांढरट धुरकट पडतो. विचारलं तर 'धुकं' म्हणा. विदर्भात ऑगस्टला धुकं कुठलं, असा प्रश्न आला तर मुलाला पाणी आणायला पाठवा.

अक्षरांसाठी डेकल कागद लागेल, म्हणजे छापून, पाण्यात भिजवून डब्यावर चिकटवायचा. साधा लेझर प्रिंटर पांढरी शाई टाकत नाही, म्हणून विटकरीवर पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या डेकल कागदावर आजूबाजूचा विटकरी छापावा लागतो आणि तो डब्याच्या रंगाशी जुळत नाही. मग काठ ब्रशने मिटवत बसायचं. तुम्ही बसू नका, चौकोन दिसू द्या. डेकलखाली आधी ग्लॉस वार्निश मारला नाही तर आत हवा अडकून चांदीसारखी चमकते. १:८७ मापात १०० मिलिमीटरचं खरं अक्षर जेमतेम १.१५ मिलिमीटर उरतं. शिरोरेघ आणि मात्रा एकमेकींत मिसळतात, 'मूर्तिजापूर'चा काळा डाग होतो. डाग चालेल, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यातच झाकल्या जातात.

एवढं झाल्यावर रुळाच्या रुंदीवर मात्र तासभर भांडा. शकुंतलेचे ७६२ मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे ८.७६, नऊ मिलिमीटरचा रूळ जवळपास बसतो. पण मोठ्या लाइनीचे १६७६ म्हणजे १९.२६, आणि बाजारातला रूळ १६.५ चा, परदेशी मापाचा. पावणेतीन मिलिमीटरचा हा घोर अन्याय आल्यागेल्याला ऐकवा, म्हणजे डब्याकडे कोणी बघणार नाही.

गिट्टीला क्रशरची चुरी आणा. ६५ मिलिमीटरच्या खड्याचं माप पाऊण मिलिमीटर येतं, म्हणून चहाच्या गाळणीने चाळा, आणि चुंबक फिरवू नका. आपल्या काळ्या दगडात लोहखनिजाचे कण असतात. ते थेट मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि तिसऱ्या फेरीला गाडी घरघरून थांबते. मूळ शकुंतलाही कुठेही थांबायची, त्यामुळे अचूकतेचा हा एक गुण फुकटात.

आता राहिले ते शेजारचे रिटायर गार्ड काका. पंगतीला बसण्याआधी दोन मिनिटं आराशीपुढे उभे राहतील, चष्मा वर करतील आणि म्हणतील, "बावा, याच्यातला शेवटचा डबा कोन्ता होय?" त्यांना ताबडतोब आंबील वाढा.