सुई का हलली नाही? एका पालकांना उत्तर

ताई, नमस्कार.

माझ्या विजेवरच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे कबूल करतो. दुसऱ्यांदा वही घेऊन बसलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इलेक्ट्रॉन ऋणाकडून धनाकडे जातात आणि मी मुलांना विद्युतधारेची दिशा उलटी शिकवतो, तारेतून वीज गेली की जवळच्या होकायंत्राची सुई हलते हा प्रयोग सिडकोतल्या तुमच्या घरी फसला आणि मुलगी हिरमुसली, विजेच्या लेखात मध्येच प्लेग-डेंग्यू आणून मी खिचडी केली, आणि मी सांगितल्याप्रमाणे दर रविवारी ड्रम ओतूनही त्यात अळ्या झाल्याच.

आधी प्रयोगाचं बोलतो, कारण मुलगी हिरमुसली हे मला लागलंय. तुम्ही लिहिलंत, ‘दोन सेल, एलईडी, तार, दिवा लागला, सुई ढिम्म.’ गोम त्या एलईडीत आहे. तो साधारण 20 मिलिअँपिअरवर पेटतो. एवढ्याशा धारेचं चुंबकीय क्षेत्र तारेपासून एक सेंटीमीटरवर पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याएवढं भरतं. सुई अर्धा अंश सरकली असेलही, पण दिसणार कशी? टॉर्चचा जुना, तारेचा बल्ब लावा. त्यातून 0.3 अँपिअर गेले तर सुई आठ-नऊ अंश हलेल. मी ‘छोटा दिवा’ एवढंच लिहून मोकळा झालो. माझ्या डोक्यात चाळीस वर्षांपूर्वीचा बल्ब होता. आता तो कुणाच्या घरात असतो?

शिवाय तार सुईच्या वरून, सुईला समांतर, म्हणजे दक्षिणोत्तर धरा. पूर्व-पश्चिम धरली तर तारेखालचं क्षेत्र दक्षिणोत्तर पडतं, आणि सुई आधीच तिकडे तोंड करून बसलेली असते. लोखंडी कपाट, मोबाइल लांब ठेवा. एवढं करूनही मजा आली नाही तर एनॅमलचा लेप असलेली तार होकायंत्राभोवती वीस वेढे गुंडाळा, टोकं पॉलिश पेपरनं खरवडा आणि तोच बल्ब जोडा. मग बघा सुई कशी गर्रकन वळते. घरातल्या प्लगला मात्र हात लावायचा नाही. तिथे 230 व्होल्ट असतात, जिवाशी खेळ; आणि ती धारा सेकंदाला 50 आवर्तनं करत दिशा बदलत असल्यानं सुई हलायचीही नाही.

आता दिशेचं. तारेत इलेक्ट्रॉन उलटे जातात, हे तुमचं बरोबरच. पण धन-ऋण ही नावं फ्रँकलिननं अठराव्या शतकात ठेवली आणि धारा धनाकडून ऋणाकडे वाहते हा त्याचा अंदाज चुकला. त्याच दिशेवर भिस्त ठेवून पुढची सगळी इमारत उभी राहिली: 1820 मध्ये तारेतल्या धारेनं ओर्स्टेडची सुई हलली, मग अँपिअरची गणितं आली, 1831 मध्ये फॅरेडेचं प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं तारेत वीज निर्माण होणं. थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला तो 1897 मध्ये. तोवरचं एकही उत्तर त्यामुळे चुकलं नव्हतं. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम (अंगठा धारेच्या दिशेनं, तर वळलेली बोटं चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनं) हीच दिशा धरून आहे. इलेक्ट्रॉन धरून चालायचं तर डावा हात वापरा, उत्तर तेच येईल. आणि तुमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीतल्या आम्लात तर धन आणि ऋण असे दोन्ही आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, एकमेकांच्या उलट दिशांनी सरकत असतात. तिथे ‘खरी’ दिशा कुठली म्हणणार?

प्लेग मी इथेच आणला होता. आमची आजी पंचवटीतल्या वाड्यात वाढलेली. ती सांगायची, घरात उंदीर मरून पडला की वाडा रिकामा करायचा आणि मळ्यात झोपड्या बांधून राहायचं. प्लेगचा जंतू 1894 मध्ये येर्सिन या संशोधकानं हाँगकाँगमध्ये शोधला होता, पण तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो हे सिमाँड या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं ते 1898 मध्ये. झोपडीत जाणाऱ्यांना पिसवेचं नावही ठाऊक नव्हतं, तरी खूण त्यांनी अचूक ओळखली होती. वाहक (तिथे पिसू, इथे इलेक्ट्रॉन) माहीत नसतानाही नियम बरोबर निघू शकतो, एवढंच मला म्हणायचं होतं. आपल्या भाषेत तांब्याची तार वाहक, डासही वाहक (आणि एसटीत तिकीट फाडणाराही वाहकच!), म्हणून मला ते एका पंगतीत बसवावंसं वाटलं. तुम्हाला खिचडी वाटली. असो, माझी आवडती आहे.

अळ्यांच्या बाबतीत मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. ‘आठवड्यातून एकदा पाणी ओतून द्या’ हा सल्ला अर्धवटच होता. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ड्रमच्या आतल्या भिंतीला चिकटवते. पाणी ओतलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी असतानाही कित्येक महिने तग धरतात आणि नळ आला, ड्रम भरला की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून ड्रम आतून काथ्यानं घासायचा, मग झाकायचा. कूलरची टाकी आणि फ्रिजच्या मागचा ट्रेही तसाच घासायचा. लेखातली ती ओळ कालच बदलली.

टॉर्चचे जुने बल्ब हल्ली मिळणं कठीण. माझ्याकडे डबाभर पडलेत. मुलीला हवे असतील तर कळवा, दोन जास्तच देईन; पहिला एखादा उडतोच.