सह्याद्रीतले पाय, हिमालयातली हवा

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि धारदारही, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून सुटका करून घेत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हिमालयातल्या ट्रेकसाठी तीन महिने आधीपासून तयारी करा, हे मी लिहिलं ते लोकांना उगाच घाबरवणं आहे. वर्षानुवर्षं गडकिल्ले पालथे घालणाऱ्याला हिमाचलमधली हम्प्ता पास ही खिंड म्हणजे मळलेली वाट. आपल्या आज्या-पणज्या साध्या वहाणांवर केदारनाथ करून आल्या, त्यांनी कुठे जिने चढण्याचा सराव केला होता? विश्रांतीचा जादा दिवस आणि उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायच्या डायमॉक्सच्या गोळ्या हे ट्रेक कंपन्यांचं दुकान. आणि शेवटी तुमचा बेत: जूनमध्ये तुम्ही चौघं, त्यात सोळा वर्षांचा पुतण्या, विमानाने चंडीगड, रात्रीच्या बसने मनाली, त्याच दिवशी ट्रेकचा पहिला तळ चिका. ट्रेक संपल्यावर एक दिवस सोलंग आणि मॉल रोडसाठी राखून ठेवलेला.

वाटेबद्दल तुमचं बरोबर आहे. अलंग-मदन-कुलंग केलेल्या किंवा नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलेल्या माणसाला हम्प्ताच्या वाटेवर हाताचं काम जवळपास पडत नाही. महागड्या सामानाच्या याद्यांनाही माझा तुमच्याइतकाच विरोध आहे. बरंचसं सामान भाड्याने मिळतं, फक्त बूट स्वतःचे आणि पायात मुरलेले हवेत.

पण तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत उंचीचा उल्लेख एकदाही नाही. कळसूबाई १,६४६ मीटर. मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे. म्हणजे महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक जिथे संपतं, त्याच्या चारशे मीटर वर तुमची बस थांबते आणि ट्रेक तर अजून सुरूही झालेला नसतो. पुढे चिका सुमारे ३,१०० मीटर, त्यानंतरचा तळ बालू का घेरा सुमारे ३,६००, आणि खिंड ४,२७०च्या आसपास. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं, कमी होतो तो हवेचा दाब. बालू का घेऱ्याला तो समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून थोडा कमीच. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला काही रात्री लागतात. पायांत कितीही ताकद असली तरी त्या रात्री वाचत नाहीत.

याला पुरावा सैनिकांचा आहे. १९६२च्या युद्धाच्या सुमारास आपले हजारो जवान कमी वेळात लडाखसारख्या उंच भागात पोहोचवले गेले. तरुण, कसलेले, वैद्यकीय तपासणीतून पार पडलेले. तरी त्यांच्यातले कितीतरी आजारी पडले. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ सैनिकांचा अभ्यास १९६९मध्ये प्रसिद्ध केला. विरळ हवेच्या आजाराबद्दल आज जगभर जे शिकवलं जातं, त्याच्या पायाशी असलेल्या अभ्यासांपैकी तो एक. व्यायामाने दम वाढतो, पण विरळ हवेच्या या आजारापासून (एएमएस) संरक्षण मिळत नाही. उलट तंदुरुस्त माणूस झपाझप वर जातो आणि शरीराला वेळच देत नाही. आपल्याकडच्या ट्रेकरची एक सवय इथे नडते. शेवटची एसटी गाठायची म्हणून आपण कायम घाईत चढत आलो. हम्प्ताला एसटी नाही. सगळ्यात शेवटी तंबूवर पोहोचलात तरी चहा मिळतो.

आता आज्या-पणज्या. हे उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध दिलंत, पण साक्ष ते माझ्याच बाजूने देतं. ऋषिकेशहून केदारनाथपर्यंत चालत जायचं म्हणजे २०० किलोमीटरहून जास्त वाट. ती मंडळी मजल-दरमजल करत, चट्टीवर, म्हणजे वाटेतल्या यात्रेकरूंच्या थांब्यावर, मुक्काम करत, कितीतरी दिवसांनी ३,५८३ मीटरवरच्या देवळापाशी पोहोचायची. इतकं हळू चढणं आजच्या कुठल्याही ट्रेकच्या वेळापत्रकात बसत नाही. चालण्याचा सराव म्हणाल, तर तो रोजचाच होता. आज गाडी गौरीकुंडपर्यंत, म्हणजे १,९८० मीटरपर्यंत जाते आणि तिथून दिवसभरात वर, किंवा हेलिकॉप्टरने काही मिनिटांत. धाप लागून बसलेले यात्रेकरू दिसतात ते यामुळे. वहाणांचा इथे काही संबंध नाही. हिमाचलच्या डोंगरातल्या गद्दी मेंढपाळांचंही तेच. ते कळप घेऊन काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वर सरकतात. आपल्याला ते धावताना दिसतात, कारण आपण त्यांना वर पोहोचल्यावर भेटतो.

मग व्यायामाने उंची सोसत नसेल, तर तीन महिने कशासाठी? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. एक कारण उतार. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताण घेत-घेत लांबतात, आणि सवय नसेल तर दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं. हम्प्ताला खिंडीचा दिवस साधारण तेव्हाच येतो, आणि त्या दिवशी लांब चढाईनंतर खिंडीपलीकडच्या शिया गोरू या तळापर्यंतचा उतारही असतो. हे स्नायू उतरण्याच्या सरावानेच तयार होतात. नुसतं धावून फारसं साधत नाही. म्हणून मी जिने चढण्यापेक्षा पाठीवर आठ-दहा किलोची सॅक घेऊन उतरण्यावर भर दिला होता. दुसरं कारण म्हणजे लागोपाठचे दिवस. रविवारी एक गड आणि सोमवारी ऑफिस, यात शरीराला दुसऱ्या सकाळी पुन्हा बूट घालायची सवय लागत नाही. राजगड-तोरणा मुक्कामी करा, दुसऱ्या दिवशी पाय काय म्हणतात ते ऐका. तुमच्यासारख्याला यासाठी तीन महिने लागणार नाहीत, सहा आठवडेही पुरतील. तीन महिने मी खुर्चीत बसून काम करणाऱ्यांसाठी लिहिले होते.

आणि थंडी. दमलेलं, भिजलेलं शरीर वाऱ्यात वेगाने गार पडतं आणि गार पडत चाललेल्या माणसाला ते स्वतःला कळत नाही. २०२४च्या जूनच्या सुरुवातीला उत्तराखंडात सहस्रतालच्या ट्रेकवर २२ जणांचा गट खराब हवामानात सापडला आणि त्यातले ९ जण गेले. त्यांची तयारी कमी होती असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण तुम्ही जूनला ‘उन्हाळी सुट्टीचा महिना’ म्हणालात, म्हणून हे सांगतो आहे. हम्प्ताच्या वाटेवर जूनमध्ये बर्फ असतो. घाम शोषून ओला राहणारा सुती टी-शर्ट घरी ठेवा आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फक्त झोपण्यासाठी राखा.

डायमॉक्सबद्दल. हे जुनं आणि स्वस्त औषध आहे, त्यावर कुणाचं दुकान चालत नाही. ते लक्षणं लपवत नाही. मूत्रपिंडांवर काम करून रक्त किंचित आम्लधर्मी करतं, त्यामुळे श्वास वाढतो आणि जुळवून घेणं लवकर होतं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त जावं लागतं. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी विशेष जपायला हवं. घ्यायचं की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवा. मात्र ‘गोळी घेतली, आता कितीही वर जा’ असं नसतं. माझा आक्षेप या गोळीपेक्षा डोकेदुखीच्या गोळीवर जास्त आहे, जी लोक लीडरला न सांगता गिळतात आणि चालत राहतात.

तुमच्या पुतण्याशी याबद्दल निघण्याआधीच बोला. या वयातली मुलं ‘माझ्यामुळे सगळे थांबले’ हे ऐकायला नको म्हणून गप्प राहतात. त्याला स्पष्ट सांगा: डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, तर त्याच मिनिटाला सांगायचं, कुणी रागावणार नाही. डोकेदुखी असताना वर चढायचं नाही. चालताना तोल जायला लागला, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावून सरळ रेषेत चालता येईना, किंवा बसल्या जागीही धाप लागून खोकला सुरू झाला, तर सकाळची वाट न बघता खाली न्यायचं. पहिल्यात मेंदूला सूज असू शकते, दुसऱ्यात फुप्फुसांत पाणी.

हम्प्ताचा एक पेच नकाशावर पटकन लक्षात येत नाही. बालू का घेऱ्यावरून खाली यायचं तर आल्या वाटेने जोबरा, जिथून चालायला सुरुवात होते. खिंड ओलांडली की परतीची वाट आधी वर चढते. मग पुढे ट्रेकच्या शेवटच्या टोकाला, छत्रूपर्यंत उतरत जाणं एवढंच उरतं, आणि मध्ये बर्फाळ ओढा. म्हणून निर्णयाची रात्र बालू का घेऱ्याची. तिथे कुणाचं डोकं ठणकत असेल तर तो माणूस दुसऱ्या दिवशी खिंडीकडे जाणार नाही, हे चौघांनी आत्ताच ठरवा. तिथे पोहोचल्यावर हा विषय काढलात तर भावनेवर जाईल.

आता तुमचा बेत. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर मंडळी सांगतात. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर नामचे आणि डिंगबोचेला दोन-दोन रात्री काढतात त्या याचसाठी. तुम्ही मात्र बसमधली झोपमोड घेऊन थेट चिकाला झोपणार. त्याऐवजी पहिली रात्र मनालीतच काढा. मग चिकाला दोन रात्री, मधल्या दिवशी दोनेकशे मीटर वर जाऊन परत खाली झोपायला. पुढे बालू का घेरा आणि मग खिंड. यासाठी दोन दिवस लागतील. त्यातला एक तुमच्याकडे आहेच. सोलंग आणि मॉल रोडचा दिवस शेवटून उचलून पुढे आणा. दुसऱ्यासाठी एक रजा टाकावी लागेल. ट्रेक संपल्यावर बरेच जण गाडीने चंद्रताल हा तलाव बघायला जातात, पण तो रस्ता जूनमध्ये उघडला असेलच असं नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर परतीचं विमान ठरवू नका.

ट्रेक लीडरला याच आठवड्यात फोन करून दोन गोष्टी विचारा: चिकाला दुसरी रात्र देता येईल का, आणि बालू का घेऱ्यावरून एकाला परत न्यायची वेळ आली तर त्याच्यासोबत कोण उतरणार? दुसऱ्या प्रश्नावर तो अडखळला, तर दुसरा गट शोधा. जूनला अजून वेळ आहे.