दुप्पट, पण कशाच्या?
ओव्हरटाइमचा मोबदला दुप्पट दराने मिळतो, असे मी वाचलेल्या एका लेखात एकाच ओळीत आटोपले आहे. परंतु दुप्पट कशाच्या, हा खरा प्रश्न आहे. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 59 ने दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांपुढील कामाचा दर ठरवताना बोनस वगळला होता, पण मूळ वेतनाबरोबर भत्तेही धरले होते. काही वर्षांपूर्वी कुपवाड एमआयडीसीत मी लेथवर असताना आठ तासांच्या 400 रुपये मूळ रोजाचे तासाला 50 आणि त्याची दुप्पट 100, असा हिशेब पगारचिठ्ठीवर असे. रोजचा 120 रुपये महागाई भत्ता धरला असता, तर तोच दर 130 झाला असता. विचारल्यावर सुपरवायझर म्हणत, ‘‘डबल दिलंय की!’’