घोड्याला सुट्टी कधी असते ते आधी विचारा, मग बुकिंग करा

परवा भाच्याचा फोन आला, मामा पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला आपली ती पडीक जमीन आहे ना तिथं टेंट टाकतोय, राजस्थानसारखा कॅम्प करायचा, शेकोटी, गाणीबजावणी आणि दोन घोडे, घोडे सीझनपुरते भाड्यानं मिळतात, तुम्ही आत्ताच तिकडं जाऊन आलाय तर काय काय लागतं ते सांगा. अर्धा तास बोललो पण माझं समाधान काय झालं नाही. वर्षभरात ओळखीतल्या आणखी तिघांनी हेच विचारलंय, म्हणून इथं लिहितोय. लांब झालंय, पण घोडा आणायचा विचार असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी हे सांगतो की घोड्याबद्दल मी एवढा का बोलतो. माझे आजोबा कोल्हापुरात टांगा चालवायचे, स्टेशन ते महाद्वार रोड, आयुष्यभर. आमच्या घरात ताटं मांडायच्या आधी घोडीला चंदी पडायची, भिजवलेले हरभरे आणि थोडा भुसा, तोबऱ्यात, म्हणजे तिच्या तोंडाला बांधायच्या पिशवीत घालून. पहाटे खराऱ्यानं, म्हणजे घोड्याच्या ब्रशनं, तिचं अंग घासायचं. नाल ठोकणारा नालबंद यायचा तेव्हा आजोबा घोडीचा पाय स्वतः धरून उभे राहायचे, दुसऱ्याला धरू द्यायचे नाहीत. आणि आठवड्यातला एक दिवस टांगा सुटायचा नाही म्हणजे नाही, कोण कितीही पैसे देऊ दे. आज्जी चिडायची, त्या दिवशी घरात रोकड यायची नाही. मी लहान होतो, मला वाटायचं घोडी आजारी आहे.

आता मूळ विषय. जानेवारीत मी, बायको आणि मुलगी राजस्थानला गेलो. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून सूर्यनगरी एक्स्प्रेसनं जोधपूर, पुढं जैसलमेर. पहिली रात्र सम नावाच्या गावच्या वाळूच्या टेकड्यांजवळ, जैसलमेरपासून साधारण 40 किलोमीटर. रांगेनं टेंट, प्रत्येक टेंटला संडास-बाथरूम, गरम पाणी, सगळं व्यवस्थित. जेवण पण चांगलं. कालबेलिया नाच झाला, तो तर बघण्यासारखाच आहे, युनेस्कोनं 2010 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलाय उगाच नाही. पण नाच वीस मिनिटं आणि नंतर डीजे. शेजारच्या कॅम्पचा वेगळा, त्याच्या पलीकडच्याचा वेगळा. आभाळ एवढं चांदण्यांनी भरलेलं आणि खाली तीन गाणी एकमेकांवर आदळतायत, मुलगी म्हणाली बाबा हे आपल्याकडच्या वरातीसारखंच आहे की.

ते पण सोडलं असतं मी. सकाळी घोड्यावर बसायचं ठरलं होतं, पॅकेजमध्येच होतं. घोडा आणला, मी सवयीनं खोगिराखाली हात घातला तर पाठ सोललेली. ओली जखम, वर कापडाची घडी ठेवून खोगीर कसलेलं. घोडा आणणारं पोरगं पंधरा-सोळा वर्षांचं, त्याला विचारलं घोडा कुणाचा, त्याला माहीत नाही. मालक गावात, त्याच्याकडून ठेकेदारानं घेतलाय, ठेकेदाराकडून कॅम्पनं, फेरीमागं पैसे. म्हणजे घोडा जितक्या फेऱ्या मारेल तितकं सगळ्यांचं पोट भरणार, आणि त्या घोड्याचं पोट बघणारा त्या साखळीत एकही माणूस नाही. आम्ही कुणीच बसलो नाही. मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणाला सर दुसरा घोडा देतो. दुसरा घोडा, एवढंच उत्तर होतं त्याच्याकडं. जखमी जनावराला कामाला जुंपणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हे मी त्याला सांगितलं, पण ते पोरगं खाली मान घालून उभं होतं ते बघून मलाच कसंतरी झालं, त्याचा काय दोष.

परत येताना जोधपूरच्या अलीकडं ओसियांच्या बाजूला दोन रात्री काढल्या. ओसियां म्हणजे जुन्या देवळांचं गाव, सच्चियाय मातेचं मोठं देऊळ आहे, पण आम्ही राहिलो गावाच्या बाहेर एका ढाणीवर. ढाणी म्हणजे आपल्याकडच्या मळ्यातल्या वस्तीसारखं, शेतातच दोन-तीन घरं. गोल मातीच्या झोपड्या, वर गवताचं छप्पर, आणि वाळूच्या कडेला चार तंबू, बास. जमीन त्यांची, घोडे त्यांचे, स्वयंपाक घरातल्या बायकांचा. बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी, ताक. सांगरी ज्या खेजडीच्या झाडाच्या शेंगा तेच झाड म्हणजे आपली शमी, आपण दसऱ्याला दसरा चौकात जिचं पूजन करतो ती. तिथं ती शेताच्या मधोमध उभी असते आणि कुणी तोडत नाही. जोधपूरजवळच्या खेजडलीत 1730 साली हीच झाडं वाचवताना 363 बिश्नोई माणसांनी जीव दिला, हे वाचलेलं होतं, पण त्या झाडाखाली बसून जेवताना ते वेगळंच कळतं.

घोडे तीन. मारवाडी. कान बघितले की ओळखू येतात, टोकं आत वळून एकमेकाला टेकतात. घरधनी साठीचे, मी त्यांना बासा म्हणायला लागलो कारण सगळे तेच म्हणत होते. त्यांनी मुलीला बसवलं, बायकोला बसवलं, दोघींना हेल्मेट घातलं, रिकीब म्हणजे पाय ठेवायची कडी मापली, तंग म्हणजे खोगीर कसायचा पट्टा दोनदा तपासला. मग माझ्याकडं बघितलं आणि सरळ म्हणाले, साब, आप नहीं. मला राग आला, का ते सांगतो. पैसे तिघांचे भरलेले, आणि आयुष्यभर घोड्याच्या घरात वाढलेल्या माणसाला कुणी तरी म्हणतंय तू बसायचं नाहीस. त्यांनी विचारलं वजन किती. 86. मग त्यांनी हिशेब सांगितला, घोड्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा, खोगीर धरून, त्याच्यावर ओझं नको. ही घोडी साडेतीनशे किलोच्या आसपास, म्हणजे सत्तर, त्यात आठ-दहा किलो खोगीर, तुमचं तुम्हीच बघा. आणि माझे पैसे तिथंच परत दिले.

मी लगाम धरून चालत गेलो त्यांच्याबरोबर, दीड तास. खरं सांगतो, सगळ्या ट्रिपमधला तो दीड तास मला सगळ्यात जास्त आठवतो. टांग्याची घोडी मी लहानपणी अशीच पाणी पाजायला न्यायचो. बासा चालता चालता बोलत होते. वाळूच्या टेकडीवर घोडा पळवायचा नसतो, पाय रुततो आणि नसा ताणतात, तिथं फक्त चालवायचा, दुडकी करायची तर दोन टेकड्यांमधल्या घट्ट रानातून किंवा काढलेल्या बाजरीच्या शेतातून. रेवाल म्हणून मारवाडी घोड्याची एक खास चाल असते, त्यात बसणाऱ्याला दणका बसत नाही, मुलीनं ती अनुभवली आणि दिवसभर तेच सांगत होती. वैरण जमिनीवर टाकत नाहीत, कारण वाळू पोटात जाते, साठते आणि पोटशूळ उठतो, घोड्याला उलटी करता येत नाही त्यामुळं एकदा पोट बिघडलं की जिवावर बेततं. म्हणून तोबरा. पन्नास वर्षांनी तो शब्द मी बायकोला समजावून सांगत होतो आणि समोर घोडीच्या तोंडाला तो बांधलेला.

पाण्याचं पण सांगायलाच पाहिजे. एक घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तिथं पाणी म्हणजे टांका, अंगणात जमिनीखाली बांधलेली टाकी, पावसाचं पाणी साठवायची. आम्हाला अंघोळीला माणशी एक बादली. मुलगी कुरकुरली तर बासांच्या सुनेनं तिला टांक्याचं झाकण उघडून आत दाखवलं, काही बोलली नाही ती, फक्त दाखवलं. आम्ही पंचगंगेकाठची माणसं, 2019 आणि 2021 ला घरात पाणी शिरलेलं बघितलेली, आम्हाला पाणी मोजायची सवयच नाही. दुसऱ्या दिवशी मुलीनं अर्ध्या बादलीत भागवलं.

थंडी मात्र भयंकर. दुपारी शर्टाच्या बाह्या वर कराव्या लागतात आणि पहाटे दोन रजया पुरत नाहीत, हवा कोरडी, ढग नाहीत, वाळूतली उष्णता भराभर निघून जाते. लहान मुलं नेणार असाल तर कानटोपी विसरू नका. घोड्यांच्या अंगावर पण रात्री झूल होती.

तर माझं म्हणणं काय. घोडा ज्याचा आणि जमीन ज्याची तो माणूस एकच असला पाहिजे, आणि तो तिथं राहणारा पाहिजे. तो जनावराला आज राबवून उद्या बदलू शकत नाही. पाठ सोलली तर महिनाभर त्याचंच काम बंद. जमीन त्याची असली की रात्री दोनला डीजे लावून शेजारच्या शेतकऱ्याशी वाकडं घ्यायला तो धजत नाही, प्लास्टिक त्याच्याच बांधावर उडतं म्हणून तो उचलतो. माणूस चांगला की वाईट हा पुढचा भाग झाला. भाड्याच्या जागेवर भाड्याचे घोडे आणले की चांगल्या माणसाच्या पण हातून वाईट होतं, कारण सीझन चार महिन्यांचा आणि हप्ता बारा महिन्यांचा.

मला माहीत आहे लोक म्हणणार, अशा ढाणीवर चार तंबू, त्यानं किती लोकांना रोजगार मिळणार, मोठ्या कॅम्पनं शंभर पोरं कामाला लागतात. बरोबर आहे, त्या पंधरा वर्षांच्या पोराला पण कामच मिळालेलं. पण ओसियांच्या त्या ढाणीवर सून, दोन मुलगे, खोगीर शिवणारा चर्मकार, नालबंद, शेजारून दूध देणारी बाई, सगळ्यांचं त्यात होतं आणि ते बाराही महिने होतं. मला हे जास्त पटतं.

आता भाच्यासाठी. बाळा, टेंट टाक, माझी ना नाही. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण 2020 चं आहे, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी होते, ती आधी कर. पण राजस्थानी कॅम्प कशाला, आपल्याकडं वाळू आहे का? आपल्याकडं गुऱ्हाळ आहे, रात्री रस उकळतो त्याचा वास आहे, शेतातली शेकोटी आणि हुरडा आहे. मसाई पठार जवळ आहे म्हणून तिथं घोडे दौडवायचे असलं डोक्यात आणू नकोस, कातळावरच्या त्या पातळ मातीत पावसानंतर जी फुलं येतात ती टापांखाली गेली की संपली.

आणि घोडा. मारवाडी घोडा दिसायला राजबिंडा, पण तो कोरड्या मुलखातला. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस, चिखल, खूर सतत ओले राहिले की मऊ पडतात, कुजतात. पावसाळ्यात कोरडा तबेला देता येणार आहे का तुला? देता येणार असेल तर आपल्या दख्खनची भीमथडी जात बघ. धनगरांच्या वाड्याबरोबर संसार पाठीवर घेऊन वर्षानुवर्षं फिरलेली तट्टं, अंगानं लहान पण काटक, आता देशातल्या घोड्यांच्या अधिकृत जातींत तिची नोंद पण झालीय. लहान घोडा म्हणजे मोठ्या माणसांना बसता येणार नाही, फक्त पोरं आणि हलकी माणसं. गिऱ्हाईक नाराज होईल, होऊ दे. दारात वजनकाटा ठेव. बासांनी मला पैसे परत दिले तसे परत द्यायची तयारी ठेव. आठवड्यात एक दिवस घोड्याला पूर्ण सुट्टी, आणि ती सुट्टी रविवारी नसली तरी चालेल पण असलीच पाहिजे.

बाकीच्यांना, जे फिरायला जाणार आहेत त्यांना, एवढंच की फोनवर टेंटमध्ये गीझर आहे का विचारता ना, तसंच घोडा कुणाचा आहे आणि त्याला सुट्टी कधी असते ते पण विचारा. उत्तर द्यायला समोरचा अडखळला की समजून जा. आणि तिथं पोचल्यावर बसायच्या आधी खोगीर उचलायला लावा, पाठ बघा, तोंडात लगामानं कातरलंय का बघा. यात लाजण्यासारखं काही नाही.

भाचा येत्या रविवारी येतोय जमीन दाखवायला घेऊन जायला. आजोबांचा खरारा अजून माळ्यावर आहे, पितळी मुठीचा, तो काढून घासून ठेवलाय. त्याला देणार आहे, पण तबेला बघितल्यावर.