गाडी ठरवताना ड्रायव्हरच्या झोपेचंही विचारा

पहाटेच्या अपघाताच्या बातमीत एक ओळ हमखास असते, ‘चालकाला डुलकी लागल्याने नियंत्रण सुटले’. तिथेच विषय संपतो. तो आदल्या रात्री झोपला होता का, कुणाच्या सांगण्यावरून पुन्हा गाडीवर बसला, हे कुणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे, या डुलकीत गाडीमालकाचा वाटा असतो आणि गाडी ठरवणाऱ्या आपलाही.

आपल्या देवदर्शनाच्या ट्रिपा बघा. रात्री दहाला पुण्याहून क्रूझर निघते. पहाटे तुळजापूर, दुपारी अक्कलकोट, संध्याकाळी पंढरपूर, आणि मग ‘रूमचं भाडं कशाला, रात्रीच निघू की परत’. आपण रांगेत असतो तेव्हा ड्रायव्हर तापलेल्या गाडीत सीट मागे टाकून पडलेला असतो. जरा डोळा लागतो न लागतो तोच पार्किंगवाला काच वाजवतो, ‘गाडी पुढे घ्या’. परतीच्या वाटेवर मागे सगळे एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून गाढ झोपतात. त्याला ढाब्यावर चहा पाजला की आपल्याला वाटतं, झालं. लग्नसराईत तर ही खेप उतरेपर्यंत मालकाने दुसरी ठरवलेली असते.

झोप मनाच्या जोरावर थोपवता येत नाही हो. रात्री दोन ते पहाटे सहा शरीर झोपच मागतं, मग ड्रायव्हर वीस वर्षांचा अनुभवी का असेना. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंदावतो, हे १९९७ मध्येच संशोधनातून दिसलं आहे. आपल्या कायद्यात दारूची मर्यादा ०.०३ टक्के आहे! दारू फुंकर मारायला लावून पकडता येते, जागरण मोजणारं तसं यंत्र नाक्यावरच्या पोलिसाकडे नाही. समृद्धीवर ताशी १२० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला, तर गाडी शंभर मीटर कुणाच्याच ताब्यात नसते.

दिवसाला ८ तास काम, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं. गाडी ठरवताना एसी आहे का, पुशबॅक आहे का, हे आपण दहादा विचारतो. त्याच फोनवर ‘ड्रायव्हर काल रात्री ड्युटीवर होता का?’ हेही विचारा. रात्रभर जायचं असेल तर दुसरा ड्रायव्हर मागा, जास्तीचे पैसे द्या. वाटेत तो म्हणाला, ‘साहेब, वीस मिनिटं पडतो’, तर कृपा करून त्याला घड्याळ दाखवू नका.

तमिळनाडूने २०२३ मध्ये हॉटेल-लॉजमध्ये येणाऱ्या गाड्यांच्या चालकांसाठी झोपायची जागा आणि स्वच्छतागृह ठेवण्याचा नियम केला. आपल्याकडेही तो व्हायला हवा, आणि सुरुवात तीर्थक्षेत्रांपासून व्हावी. प्रत्येक भक्तनिवासात ड्रायव्हरसाठी पंखा असलेली खोली आणि स्वच्छ खाट, एवढं तर देवस्थानांना सहज जमेल.