गोठलेली जमीन म्हणजे पाया नव्हे

'डेक बांधायचा तर जानेवारीतच बांधा' असा एक लांबलचक मेसेज गेले काही आठवडे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. डेक म्हणजे घराबाहेर खांबांवर उभारलेला लाकडी ओटा. पहिल्यांदा आला तेव्हा मी दुर्लक्ष केलं. परवा आतेभावाचा फोन आला: "ताई, कॉन्ट्रॅक्टरपण तेच म्हणतोय. जमीन गोठलीये, मग खोल खणायची गरजच काय? बरेच पैसे वाचतील." मे महिन्यात आत्या येणार आहे. तिचे गुडघे दुखतात, म्हणून स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून एकही पायरी न उतरता बाहेर बसता येईल असा डेक त्याला हवाय. म्हणजे जमिनीपासून चांगला पाच फूट उंच, घराला जोडलेला, आणि त्यावर बसणार सत्तरी ओलांडलेली बाई. मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. आता गप्प बसणं मला जमणार नाही.

मेसेजचं म्हणणं असं: गोठलेली जमीन दगडासारखी असते, तिच्यावर काँक्रीटचे तयार ठोकळे ठेवून सरळ खांब उभे करा. थंडीत सावकाश घट्ट होणारं काँक्रीट उलट जास्त मजबूत होतं. ते गोठेल अशी भीती असेल तर पाण्यात मीठ टाका, किंवा वर ताडपत्री लावून आत रात्रभर प्रोपेन हीटर ठेवा. हिवाळ्यात परमिटची भानगड नसते. मजुरी स्वस्त पडते. आणि थंडीत लाकूड कोरडं असल्यामुळे नंतर हलत नाही.

यातला पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे आणि बाकीचा मेसेज त्याच्याच आधारावर उभा आहे.

गोठलेली जमीन कठीण असते हे कोणी नाकारत नाही. पहार मारली तर ठिणगी उडेल. पण पायाखालची जमीन नुसती कठीण असून भागत नाही, ती जागची हलता कामा नये. गोठणारी माती हलते. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं हे शाळेत शिकलेलं असतं, पण खरी अडचण त्याहून मोठी आहे. गोठण्याची रेषा जसजशी खाली सरकते, तसतशी ती बारीक कणांच्या मातीतून खालचं पाणी वर ओढून घेते. ते पाणी येऊन त्या रेषेपाशी बर्फाचे आडवे थर बनवतं आणि पाणी मिळत राहील तोवर ते थर जाड होत जातात. हिवाळ्यात खणलेल्या खड्ड्याची कड नीट बघा: माती, मग बोटभर स्वच्छ बर्फ, मग परत माती. हा बर्फ वरचं सगळं उचलतो. डेकचं वजन त्याला काहीच नाही.

आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात काळ्या मातीवर उथळ पाया घेतला की पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तिरक्या चिरा पडतात. तिथला कुठलाही जुना गवंडी उन्हाळ्यात कडक झालेल्या काळ्या मातीला पाया म्हणणार नाही. इथलं दुखणं त्याच जातीचं आहे, फक्त पावसाऐवजी थंडीनं होणारं. मिनेसोटात बऱ्याच ठिकाणी हिमनद्यांनी आणून टाकलेली गाळाची आणि चिकणमाती आहे. गाळाची माती यात सर्वांत वाईट. स्वच्छ वाळू-खडी असेल तर त्रास खूप कमी.

आता हे डेकला लावून बघा. घराचा पाया तळघरापर्यंत खोल गेलेला असतो, त्यामुळे घर हलत नाही. डेकची एक बाजू लेजर बोर्डनं, म्हणजे भिंतीला लावलेल्या आडव्या जाड फळीनं, त्या घराला बोल्टांनी आवळलेली असते. दुसरी बाजू ठोकळ्यांवर उभी. ठोकळे वर उचलले जातात, लेजर जागीच राहतो. डेकचा उतार घराकडे होतो, वितळलेलं पाणी भिंतीकडे वाहतं, बाहेर उघडणारं दार फळ्यांना घासायला लागतं आणि लेजरच्या बोल्टांवर कधीच न धरलेला ताण येतो. डेक कोसळतात तेव्हा बहुतेकदा हाच जोड सुटलेला असतो. मग एप्रिल येतो. वितळण वरून सुरू होते, खालचा थर अजून गोठलेलाच असतो, म्हणून पाण्याला निचऱ्याची वाट नसते. 'दगडासारखी' जमीन चिखल होते आणि एक ठोकळा जास्त खचतो, दुसरा कमी. आत्या येणार मे महिन्यात.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांचे घरबांधणीचे नियम ज्या आयआरसी (इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड) संहितेवर बेतलेले आहेत, तिच्या कलम आर४०३.१.४.१ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गोठलेल्या जमिनीवर फूटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पाया) टेकवायचं नाही. अपवाद एकच, जमीन कायमची गोठलेली असेल तर. तसं अलास्काच्या उत्तरेला असतं, मिनिॲपोलिसच्या उपनगरात नाही. मिनेसोटाचा स्वतःचा नियम खोलीचा आकडाही देतो: राज्याच्या उत्तर भागात ६० इंच, दक्षिण भागात ४२ इंच. मिनिॲपोलिस-सेंट पॉल ४२ इंचांच्या पट्ट्यात येतं. साडेतीन फूट. त्यात 'जमीन गोठलेली असल्यास सूट' असं कुठेही नाही. खोली ठरवलीच आहे ती गोठणाऱ्या थराच्या खाली जाण्यासाठी, आणि हा मेसेज सांगतो त्याच थरावर बसा.

ठोकळे वापरून केलेले डेक दिसतात, हे खरं आहे. ते बुटके असतात, घराला न जोडलेले. सगळा डेक एकत्र वर-खाली झाला तर फारसं बिघडत नाही, वसंतात पाचर मारून सरळ करता येतो. नियमही त्यांना तेवढी मोकळीक देतात. पाच फूट उंच, घराला जोडलेल्या डेकला ती लागू करणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ आहे.

काँक्रीटच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. साधारण ५० अंश फॅरनहाइटला, ओलावा टिकवून सावकाश पिकलेलं काँक्रीट काही महिन्यांनी उन्हाळ्यातल्या काँक्रीटपेक्षा सरस निघतं. पण थंड होणं वेगळं आणि गोठणं वेगळं. काँक्रीटची ताकद ५०० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला ५०० पौंड दाब सोसण्याइतकी) पोचायच्या आत ते गोठलं, तर त्याची अंतिम ताकद कायमची निम्म्यापर्यंत घटू शकते. नंतर कितीही ऊब द्या, गेलेली ताकद परत येत नाही. ५० अंशांच्या आसपास ठेवलं तर चांगलं मिश्रण साधारण दोन दिवसांत तिथवर पोचतं. म्हणून गरम पाण्याचं मिश्रण, इन्सुलेटेड ब्लँकेट आणि खड्ड्याच्या तळाला न गोठलेली माती, एवढं तरी हवंच. 'हळू होतं म्हणजे मजबूत होतं' हे वाक्य उणे १० अंशांच्या रात्री वाचून कोणी उघड्यावर काँक्रीट ओतलं, तर खांबाखाली भुसभुशीत ढेकूळ तयार होईल.

मिठाचा सल्ला वाचून मला खरोखर राग आला. कॅल्शियम क्लोराइड काँक्रीट लवकर घट्ट व्हावं म्हणून मापून वापरतात, सिमेंटच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आत, आणि तेही जिथे लोखंड नाही तिथे. ते काँक्रीटला गोठण्यापासून वाचवत नाही. गॅरेजमधल्या बर्फ वितळवायच्या पिशवीतलं ओंजळभर मीठ तर मुळीच नाही. क्लोराइड सळई गंजवतं, खांबाखालचा लोखंडी पोस्ट बेस खातं. त्यात २००४ पासून घरगुती बांधकामातलं ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेलं) लाकूड तांब्याच्या रसायनांवर आलंय. ते आधीच साध्या लोखंडाला मारक, म्हणून तर हॉट-डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) किंवा स्टेनलेसचे खिळे-बोल्ट घ्यावे लागतात. त्यात वरून मीठ.

आणि ताडपत्रीखाली प्रोपेन हीटर! घराला लागून, तळघराच्या खिडकीशेजारी, रात्रभर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणसं जातात. मेसेजमधलं दुसरं काही विसरलात तरी चालेल, हे करू नका. काँक्रीटलाही त्याचा उपयोग नाही: धुराड्याशिवायच्या हीटरचा कार्बन डायऑक्साइड ताज्या पृष्ठभागावर बसतो आणि वरचा थर खडूसारखा सुटत राहतो.

परमिटचा ऋतूशी काही संबंध नाही. मिनेसोटात सूट आहे ती जमिनीपासून ३० इंचांपेक्षा उंच नसलेल्या आणि फ्रॉस्ट फूटिंगवरच्या (गोठणाऱ्या थराखाली नेलेल्या पायावरच्या) घराला न जोडलेल्या डेकला. आतेभावाचा डेक दोन्हींत बसत नाही. परमिट घेतलं की इन्स्पेक्टर काँक्रीट ओतायच्या आधी खड्डा बघतो, टेप लावून खोली मोजतो. ठोकळेवाल्या कॉन्ट्रॅक्टरला तेच नको असतं. २९ जून २००३ ला शिकागोच्या लिंकन पार्क भागात एका इमारतीचा मागचा लाकडी पोर्च माणसांच्या गर्दीखाली कोसळला, १३ जण गेले. तो परमिटशिवाय आणि नियमापेक्षा मोठा बांधला होता, असं शहरानं नंतर सांगितलं.

मजुरी? हो, जानेवारीत कॉन्ट्रॅक्टर मोकळे असतात, भाव थोडा उतरतो, परमिटही लवकर हातात पडतं. हा मुद्दा बरोबर आहे. फक्त ॲडव्हान्स देण्याआधी मिनेसोटाच्या लेबर अँड इंडस्ट्री खात्याच्या वेबसाइटवर त्याचं लायसन्स तपासा.

लाकडाचं उलट आहे. हवा कोरडी असते, पण दुकानातून येणारं ट्रीटेड लाकूड बहुतेकदा आतून ओलंच असतं. थंडीत ते ओल धरून बसतं आणि उन्हाळ्यात आकसतं. कंपोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकची) फळी तर तापमानानुसार लांबीत बदलते: सोळा फुटी फळीत कडक थंडी ते कडक ऊन असा जवळपास अर्ध्या इंचाचा फरक पडू शकतो. थंडीत टोकाला टोक भिडवून बसवली की जुलैत ती वर उचलली जाणार. कंपनीच्या तक्त्यात त्या तापमानाला किती फट सांगितलीये ते बघून बसवावी.

हिवाळ्यात डेक होतच नाही असं मी म्हणत नाही. गवत आणि बर्फाच्या जाड थराखाली डिसेंबरात जमीन कित्येकदा फूटभरच गोठलेली असते, ती फोडून ऑगरनं (जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटानं) ४२ इंचांखाली जाता येतं. नाहीतर ग्राउंड हीटरनं आधी जमीन वितळवतात. स्टीलच्या हेलिकल पाइल (स्क्रूसारखे खांब) यंत्रानं पिळून खाली घालता येतात, त्यांना काँक्रीटच लागत नाही. फूटिंग ऑक्टोबरात झालेलं असेल तर बीम, जॉइस्ट (फळ्यांखालच्या आडव्या तुळया), रेलिंग ही सुतारकामं जानेवारीत खुशाल करा. आतेभावाला मी एवढंच सांगितलंय: कॉन्ट्रॅक्टरकडून कोटेशनमध्ये फूटिंगची खोली इंचांत लिहून घे आणि परमिट त्याच्याच नावानं काढायला लाव. तो यातलं काही टाळायला लागला तर सही करू नकोस. या वर्षी आत्याला अंगणातच खुर्ची टाकून दे.