सगळ्यांनाच साडेचार स्टार?

परत तेच. फोंड्यातला आतेभाऊ विचारतो अँटीव्हायरस कुठला घेऊ, आणि रिव्ह्यू उघडावा तर ‘टॉप टेन’, दहाच्या दहा झकास, प्रत्येकाखाली ‘आत्ताच घ्या’चं बटण, आणि तिथून घेतलं की लिहिणाऱ्याला कमिशन, हे कुठंतरी तळाला मुंगीएवढ्या अक्षरात. मग वाईट कोण कशाला लिहील रे? व्हीपीएनचं, म्हणजे नेटवर आपली ओळख झाकणाऱ्या सेवेचं, तर विचारूच नका. २०२१ मध्ये केप टेक्नॉलॉजीजनं, म्हणजे स्वतः व्हीपीएन विकणाऱ्या कंपनीनं, व्हीपीएनमेंटॉर ही रिव्ह्यूची साईट चालवणारी कंपनीच विकत घेतली. घ्या, परीक्षार्थीच परीक्षक!

छापील मासिकं तरी कुठं सोवळी होती म्हणा, प्रिंटरचं कौतुक वाचून पान उलटलं की त्याच प्रिंटरची फुल पेज जाहिरात. आणि ती लॅपटॉपची ‘बारा तास’ बॅटरी, एसीत बसून, ब्राइटनेस कमी करून मोजलेली. जुलैत म्हापशात लाईट गेली की कळतं किती तास ते.

अरे मशीन कंपनीनं पाठवलं की पदरचे पैसे घातले, किती दिवस वापरलं, काय खटकलं, एवढं तरी लिहा ना. जर्मनीतली अँटीव्हायरस तपासणारी एव्ही-टेस्ट लॅब निदान कुठलं व्हर्जन तपासलं ते तरी सांगते. बाकीच्यांचं बॉक्सवरचंच कॉपी-पेस्ट.